कराव्याचं महाळुंग

आपल्याला दुपारी झोप लागत नाही, असं हायमकाका सोगावकर सगळ्यांना सांगत. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसानं स्वतःविषयी एवढं खोटं बोलावं, त्याला कोणाची ना नाही. खरं म्हणजे जेवण झालं, की सानपाड्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी, वेताच्या खुर्चीत, ते असे काही डुलायला लागत की त्यांची मुलगी शेगुला येऊन पंखा वाढवून जाई, तरी त्यांना पत्ता लागत नसे. डुलता डुलता ते उरणला जात. तिकडे त्यांच्या वडिलांची, एलोजींची, तेलाची घाणी अजून फिरत असे. बैल गोल गोल चालत असे, आणि शनिवार आला की आपण होऊन थांबत असे. गावातले लोक या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घराण्यांना शनवार तेली म्हणायचे ते काही उगाच नाही. शनिवारी त्यांची घाणी बंद, म्हणजे बंद.

एलोजी तेल गाळायचे आणि कीर्तन करायचे. दोन्ही कामांत हात सारखाच चाले. मोशेचं, दाविद राजाचं आख्यान ते मराठीत लावायचे आणि मध्येच थांबून आपल्या पोराला, म्हणजे आपल्या हायमकाकांना, देवाच्या दहा दिव्यांची गोष्ट सांगायचे. ती त्यांनी कुठल्या जुन्या वहीतून घेतली होती देव जाणे. देवानं जग करताना दहा दिवे लावले, ते सांगत. पहिल्या नऊ दिव्यांत आपापलं तेल आहे. दहाव्यात थेंबभरही नाही. वरच्या नवांचा उजेड त्यात उतरला, तरच तो उजळतो. त्या दहाव्याचं नाव मालखूथ, म्हणजे राजेपण. आणि आपण सगळे, उरणचे, पनवेलचे, झाडून सगळे, त्या रिकाम्या दिव्यात राहतो.

"राजाच्या दिव्यात तेल कसं नाही?" लहान हायमनं एकदा विचारलं होतं. तेल्याच्या पोराला हा प्रश्न पडायचाच.

"कारण राजेपण दुसऱ्यांनी द्यावं लागतं," एलोजी म्हणाले होते. "आपल्याच पोरांवर हुकूम चालवतो त्याला बाप म्हणतात, राजा नाही म्हणत. राजा व्हायला परकी माणसं लागतात. वेगळ्या घरची, वेगळ्या चालीची. त्यांनी आपणहून म्हणावं लागतं, की हो, तू आमचा. कोणी म्हणणारंच नसेल, तर देव एकटा बसून करणार काय?"

हे बोलणं हायमकाकांना तोंडपाठ होतं. दर वर्षी मांडवाच्या सणाला ते जमलेल्यांना ते ऐकवत. जमलेले मात्र वर्षागणिक कमी होत गेले. एके काळी सोसायटीच्या गच्चीवरच्या त्यांच्या मांडवात वीस-बावीस माणसं दाटीवाटीनं बसत. मग एकेक कुटुंब इस्रायलला गेलं, दोन्ही मुलगे अश्दोदला गेले, बायको दिना देवाघरी गेली. आता मांडवात तीन खुर्च्या असत. एक त्यांची, एक शेगुलाची, आणि पांढरा कपडा घातलेली तिसरी पाहुण्यांची. सणाच्या सात दिवसांत रोज एक न दिसणारा पाहुणा तिच्यावर येऊन बसतो. पहिल्या दिवशी अब्राहाम येतो, ज्याच्या तंबूला चारी बाजूंनी दारं होती, आणि शेवटी येतो दाविद राजा.

यंदा मांडव उभा राहिला तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी अभिराम देसाई वर येऊन म्हणाले, "काका, गणपती तर होऊन गेले ना?" हे ते दर वर्षी म्हणत. मग वॉटरप्रूफिंगमध्ये खिळे ठोकलेत का ते वाकून पाहत आणि खाली जात.

माडाच्या झापांचं छप्पर झालं. शिंदीचा कोवळा, अजून न उघडलेला पाता आला. पनवेलच्या सिनेगॉगमधून हदासच्या, त्या मेंदीसारख्या सुवासिक झुडपाच्या, डहाळ्या आल्या, नदीकाठची वाळुंज आली. या तिघांची जुडी बांधून ती उजव्या हातात धरायची. राहिलं महाळुंग, ते मोठ्या लिंबासारखं सुवासिक फळ. ते जुडीत बांधत नाहीत. ते डाव्या हातात वेगळं धरायचं, पण जुडीला टेकवून. महाळुंग म्हणजे तो दहावा दिवा, राजेपण, असं एलोजी सांगत. बांधलेलं नाही, पण दूरही नाही. दूर राहिलं तर सगळं फुकट.

आणि हे महाळुंग यायचं करावे गावातून. एलोजी मचव्यातून खाडीकाठच्या गावांना तेल विकायला जायचे, तेव्हा कराव्याच्या सितारामशी त्यांची दोस्ती जमली. सिताराम आगरी, शेतकरी आणि अर्धा मासेमार. उरणच्या घरी स्वतःची वाडी नव्हती, म्हणून एलोजींनी महाळुंगाचं बी सितारामच्या वाडीत लावलं आणि एकच गोष्ट बजावली, की या झाडाला सुरी लावायची नाही. आमच्या धर्मात कलमाचं महाळुंग चालत नाही. ज्याची मुळं एकाची आणि फांद्या दुसऱ्याच्या, त्या फळावर बेराखा, म्हणजे आशीर्वादाचं वचन, म्हणता येत नाही. म्हटलं तर देवाचं नाव वाया घेतल्याचं पाप. सितारामचा मुलगा हिरामण तेव्हा दहा वर्षांचा होता, हायमही तेवढाच. दोघांनी ते बजावणं शेजारी शेजारी उभं राहून ऐकलं होतं.

पुढे हायम गोदीत जहाजांचे नकाशे काढायला लागला, हिरामण शेती करत राहिला. शेती सरकारनं नव्या शहरासाठी घेतल्यावर तो घरमालक झाला. पण सणाच्या आधी हायम कराव्याला जायचा, झाडावरून स्वतःच्या हातानं महाळुंग उतरवायचा, हे काही चुकलं नाही. मोठ्या पुराच्या सालापासून मात्र हिरामण स्वतःच फळ घेऊन सानपाड्याला येऊ लागला. केळीच्या पानात गुंडाळलेलं, आधी सायकलवर, मग स्कूटरवर. "कशाला दगदग करतोस? मी हाय ना," असं म्हणायचा. सोसायटीच्या गेटवर फळ हातात द्यायचा, दोघं उभ्या उभ्या चहा प्यायचे, आणि हायमकाका फळ जपून घेऊन लिफ्टनं वर यायचे. म्हातारपणी मित्र किती काळजी घेतो, याचं त्यांना फार कौतुक होतं.

यंदाच्या शिमग्यात हिरामण गेला. म्हणून सणाच्या आदल्या दिवशी हायमकाका वीस वर्षांनी कराव्याला निघाले. शेगुलानं रिक्षा बोलावली आणि तीही बरोबर निघाली.

गाव कुठे सुरू होतं तेच त्यांना आधी कळेना. पाम बीच रोडवरचे ते उंच मनोरे मागे पडले आणि रिक्षा एकदम अशा गल्लीत शिरली, की दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांतली धुणी एकमेकांना लागत होती. हिरामणचं घर आता चार मजली झालं होतं, वरचे तिन्ही मजले भाडेकरूंचे. पण त्या इमारतीचा मागचा कोपरा उंदरानं खाल्ल्यासारखा आत गेला होता. प्रत्येक मजल्यावर एकेक खोली कमी. तेवढ्या जागेत, खाटेएवढ्या मातीच्या चौकोनात, महाळुंगाचं झाड उभं होतं.

"ठेकेदार कितींदा बोलला, कापू या म्हनून," हिरामणची बायको गोजरा म्हणाली. ती ओट्यावर बसली होती, गुडघे चोळत. "ह्यांनी नाय ऐकला. बोलले, घर वाकरा होऊ दे. या भावजी, बसा. कवापासना वाट बगतंय."

हायमकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. झाडावर एकच फळ होतं, पिवळं पडू लागलेलं, आणि त्याचा वास खाडीच्या वासावर मात करून गल्लीत पसरला होता. ते झाडाजवळ गेले. खोडावरून मायेनं हात फिरवला. हात गुडघ्याच्या उंचीवर आला आणि अडला. तिथे एक गाठ होती. गाठीच्या खालची साल खरबरीत, काळपट. वरची साल वेगळी, राखाडी, गुळगुळीत.

आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस. दोन वेगळ्या वस्तूंचा सांधा त्यांना डोळे मिटूनही कळला असता.

"वहिनी, हे काय आहे?"

गोजरानं गुडघे चोळायचे थांबवले. मग म्हणाली, "सांगतंय. सांगायचाच हाय मना. ते सांगून गेलेत." तिनं सुनेला, सुचिताला, आत पाठवलं आणि पदर सावरला. "पुराच्या साली खारा पानी शिरला वारीन. जुना झार मुलापासना मेला, भावजी. पंधरा दिसांत पाना गळली. ह्यांनी एक फांदी वाचवली न ही जंबेरी, रानलिंबू, व्हती बाजूला, तिच्यावर बांधली. चिंधी बांधली, शेन लावला. ल्हान पोराला बगावा तसा बगला. दोन वर्सं फल नाय धरला."

हायमकाकांना आठवलं. दोन वर्षं हिरामण गेटवर रिकाम्या हातानं आला होता. झाड रुसलंय रे, म्हणाला होता. आणि नंतरची अठरा वर्षं, दर वर्षी, केळीच्या पानातून जे आलं, ते हे.

"कलम," ते म्हणाले. "त्याला माहीत होतं. माझ्या शेजारी उभं राहून ऐकलं होतं त्यानं."

"व्हता ना माहीत! म्हनून तर तुमाला झारापाशी येऊ देत नव्हते. स्वताच यायचं घेऊन."

"मग सांगितलं का नाही?"

"कसा सांगनार? त्याच साली दिनावयनी गेल्या. तुमी भिंतीला धरून चालत व्हताव. हे बोलले, बायको गेली त्याची, आता झार पन गेला म्हनून सांगू?" गोजरानं डोळे पुसले. "मंग दर साली बोलायचं, पुढल्या साली सांगतंय. पुढला साल आला का बोलायचं, आता लय उशीर झाला. जाताना मना बोलले, गोजरे, हायमला सांग. बोल, त्याचा देव त्याला जो काय रागं भरंल, तो मना भरू दे."

यावर कोणीही विरघळला असता. हायमकाका विरघळले नाहीत. भली माणसं एकदा का धर्माच्या बाबतीत दुखावली, की त्यांच्याइतकं कडू बोलणारं कोणी नसतं. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "अठरा वर्षं मी त्याचं ऐकून देवाचं नाव वाया घेतलं. राजाच्या पुढे खोटं फळ धरलं. यापेक्षा झाड मेलं म्हणाला असता तर बरं होतं. हे फळ माझ्या कामाचं नाही, वहिनी."

गोजराला राग आला नव्हता, ती नुसती दमली होती. "त्या फलाचा तुमी करता काय, तेच ह्यांना कदी कलला नाय," ती म्हणाली. "मी इचारायची, तर बोलायचं, हायम ते घेऊन वर जातो. वर काय असतो ते कुना माहीत."

हायमकाका रिक्षात येऊन बसले. परतीच्या वाटेवर शेगुला एकदाच बोलली. "पप्पा, पनवेलला परदेशाहून आलेलं महाळुंग आहे. सणाचे पहिले दोन दिवस प्रवास करायचा नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी जाऊन हातात घेऊ. बेराखा होईल."

"ते घेऊच," ते म्हणाले. "प्रश्न त्याचा नाही."

प्रश्न काय होता ते शेगुलाला कळत होतं. अठरा वर्षं आपण गच्चीवर उभे राहून सहाही दिशांना जुडी हलवली, ती कुठेच पोचली नाही काय? आणि ज्यानं हे केलं, त्याला माफ करायचं, तर तो आता समोर नाही. त्याच्यावर रागवायचं, तरी तो नाही. म्हातारा माणूस खिडकीपाशी खुर्चीत बसला. जेवला नाही. मला झोप लागणार नाही, असं त्यानं जाहीर केलं, आणि दहा मिनिटांत त्याची मान कलली.

या खेपेला ते उरणला गेले नाहीत. ते होते तिथेच होते, सानपाड्यात, फक्त ऊन थोडं तेलासारखं दाट झालं होतं आणि सोसायटीच्या इमारतीवरून महाळुंगाचं झाड वाढत वर गेलं होतं. त्याच्या फांद्या वाशीच्या पुलापर्यंत पोचल्या होत्या. फांद्यांना फळं होती आणि प्रत्येक फळात दिवा होता. एलोजी कुठून तरी कीर्तनाच्या सुरात मोजत होते. एक, दोन, तीन. नवापर्यंत आले आणि थांबले.

"दहावा कुठाय?" हायमकाकांनी विचारलं.

"खाली गेटवर," एलोजी म्हणाले. "राजा आलाय. वॉचमन सोडत नाही त्याला."

हायमकाका खाली पाहू लागले. स्वप्नात तिसरा मजला फारच उंच झाला होता. गेटवर वॉचमन वही पुढे करून विचारत होता, नाव काय, फ्लॅट नंबर काय, कोणाकडे जायचं? राजा साधा दिसत होता. अंगात बंडी, पायांत काही नाही. नाव विचारलं तर तो नुसता हसत होता. फ्लॅट नंबर त्यानं बरोबर सांगितला. कोणाकडे जायचं म्हटल्यावर म्हणाला, "हायमकडे. पन त्यानं वर बोलावलेला नाय मना. हितंच देतंय." आणि त्यानं केळीच्या पानाची पुडी पुढे केली.

हायमकाका दचकून जागे झाले. ऊन साधं झालं होतं. खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं.

मग त्यांना इतकी लाज वाटली, की चेहरा गरम झाला. वीस वर्षं गेटवर चहा. त्याआधीची पन्नासेक वर्षं त्याच्या वाडीतून फळ उतरवायचं आणि निघायचं. मांडव आपल्या लोकांचा, अशीच समजूत. हिरामणला कोणी नको म्हटलं नव्हतं, पण या म्हणायचंही कोणाला सुचलं नव्हतं. आपले लोक एकेक करून निघून गेले, खुर्च्या तीनवर आल्या, तरीही सुचलं नाही. आणि त्याच मांडवात बसून, राजाला परकी माणसं लागतात, हे दर वर्षी शेगुलाला ऐकवायचं. ती बिचारी दर वर्षी मान हलवायची.

"शेगुला," त्यांनी हाक मारली. "कराव्याला फोन लाव. गोजरावहिनींना उद्या सकाळी बोलाव. सुनेलाही. वर, मांडवात. आणि सांग, ते फळ उतरवून घेऊन या."

शेगुला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "पण ते चालत नाही ना?"

"नाही चालत," ते म्हणाले. "तरी आणा म्हणावं."

सणाच्या सकाळी लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत आली आणि पुढच्या गच्चीच्या अठ्ठावीस पायऱ्या गोजरा एकेकीवर थांबत चढली. सुचिता मागून तिला सावरत होती. ठेवणीतलं जांभळं लुगडं, अंबाड्यात चाफा, आणि हातात केळीच्या पानाची पुडी. मांडवाच्या दाराशी ती उभी राहिली आणि आधी छपराकडे पाहिलं. झापांतून उन्हाच्या चकत्या पडल्या होत्या. मग तिला जवळची खुर्ची दिसली, पांढरा कपडा घातलेली. गुडघ्यांपुढे माणसाचं काय चालतं? ती सरळ तिकडे निघाली.

"मावशी, ती नको, ती पाहुण्यांची—" शेगुला पुढे झाली.

"बसू दे," हायमकाका म्हणाले. "त्यांच्याचसाठी आहे."

गोजरा बसली. अब्राहामाची खुर्ची थोडी कुरकुरली. सुचिताला शेगुलानं आपली खुर्ची दिली. एवढ्यात अभिराम देसाई खिळे बघायला वर आले आणि पाहुणे पाहून संकोचले. काकांनी त्यांनाही हातानं आत यायची खूण केली, तेव्हा ते चपला काढून कोपऱ्यात उभे राहिले. वीस वर्षांत ते मांडवाच्या आत पहिल्यांदाच आले होते.

हायमकाकांनी जुडी उजव्या हातात घेतली. शिंदीचा पाता मध्ये, एका बाजूला हदास, दुसऱ्या बाजूला वाळुंज. डावा हात तसाच पुढे धरला, उघडा. बेराखा म्हटली नाही. जुडी पूर्वेला हलवली, दक्षिणेला, पश्चिमेला, उत्तरेला, वर, खाली. पात्याची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

"ह्या हातान काय नाय?" गोजरानं विचारलं.

"या हातात महाळुंग असतं, वहिनी."

तिनं मांडीवरच्या पुडीकडे पाहिलं. "न यो?"

"हे कलमाचं आहे. या कामाला हे चालणार नाही. तो नियम मला मोडता येत नाही, आणि मोडलेला हिरामणलाही आवडला नसता. त्याला ठाऊक होता तो."

"मंग कशाला बोलावलाव आमाला?" गोजरानं पुडी मांडीवर आवळून धरली. "अठ्ठावीस दादरं चरून आयलंय मी, भावजी."

"उघडा ते," हायमकाका म्हणाले.

तिनं केळीचं पान उघडलं. वास असा आला, की अभिराम देसाईसुद्धा एक पाऊल पुढे आले. हायमकाका हळूहळू, शब्द जुळवत सांगू लागले. सणाच्या कामासाठी ठेवलेल्या महाळुंगाच्या वासावर बेराखा म्हणत नाहीत, कारण ते फळ वास घेण्यासाठी नसतं, ते कामात असतं. साठ-सत्तर वर्षं या झाडाची फळं आपण हातात धरली, पण त्यांच्या वासाबद्दल देवाचे आभार कधी मानले नाहीत. मानता आलेच नसते. हे पहिलंच फळ, जे नियमात बसत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून याच्याच वासाची बेराखा म्हणता येते.

"फळांना चांगला वास देणाऱ्याची बेराखा आहे," ते म्हणाले. "ती वाया जात नाही. कलमाला चालते, जंबेरीला चालते. वास आला म्हणजे झालं."

त्यांनी ती हिब्रूत म्हटली. छोटी होती, एका श्वासाची. म्हणताना त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग म्हणाले, "आता सगळ्यांनी घ्या."

गोजरानं आधी घेतलं. फळ दोन्ही हातांत धरून नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. ती बराच वेळ तशीच राहिली. कोणीही घाई केली नाही. तिनं ते सुनेला दिलं. सुचितानं अभिराम देसाईंना दिलं, त्यांनी आधी हात पँटला पुसले. त्यांनी शेगुलाला दिलं. शेगुला बापाजवळ आली आणि तिनं फळ पुढे केलं.

हायमकाकांच्या उजव्या हातात जुडी तशीच होती. खाली ठेवायची राहूनच गेली होती. तेव्हा घ्यायचं तर डाव्या हातातच घ्यावं लागणार होतं. शेगुलाच्या ते ध्यानात आलं, ती क्षणभर थांबली. त्यांच्याही आलं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

फळ तळहातावर आलं. दर वर्षी ते गार असायचं, केळीच्या पानातलं, गेटवरून आलेलं. आज चार माणसांच्या हातांतून फिरून ते कोमट झालं होतं, नुकत्याच झोपेतून उठलेल्या लेकराच्या गालासारखं. ते जुडीच्या बाजूला होतं. त्यांनी काही केलं नाही, पण म्हाताऱ्याचा हात थरथरतोच. थरथरत ते वाळुंजीच्या पानांना जाऊन टेकलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी बेराखा म्हटली नाही. म्हणायचं काही राहिलंय असं त्यांना वाटलं नाही.

पांढऱ्या कपड्याच्या खुर्चीतून गोजरा पुढे वाकून पाहत होती. उजवा हात, डावा हात, मधलं पिवळं फळ, सगळं ती नीट बघून घेत होती, घरी जाऊन कोणाला तरी बारीकसारीक सांगायचं असावं तसं.

"असा धरतात व्हय?" ती म्हणाली.

"हो," हायमकाका म्हणाले. "असंच."